एक रॅम कमी

नवरदेवाच्या हातातला हार नवरीच्या कपाळापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

वृषालीनं माउस हलवला. स्क्रीनवरचा बाण जागचा हलेना. टेबलाखालच्या कॅबिनेटमधून पंख्याचा आवाज मात्र चढत चालला होता. तिनं दोन-चार बटणं दाबून पाहिली, मग हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. सकाळपासून मशीन कितव्यांदा अडकलं होतं, हे मोजायचं तिनं सोडून दिलं होतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. धुळ्याचा भटू. लग्नांचं शूटिंग तो करायचा आणि मिक्सिंगसाठी, म्हणजे काटछाट करून पिक्चर जोडायला, फाइली चाळीसगावला वृषालीकडे पाठवायचा.

“वहिनी, कुठवर आलं?”

“चालू आहे भाऊ. वरमाला लावतेय.”

“अजून वरमालाच? हे बघा, मी तुमच्या मागं कधी घाई लावत नाही. पण नवरीचा भाऊ फौजेत आहे. रविवारी संध्याकाळी तो ड्युटीवर निघतो. त्याच्याबरोबर बसून सगळ्या घराला पिक्चर बघायचाय. मी शब्द दिलाय त्यांना.”

“होईल.”

“मशीन चालतंय ना पण? नव्या कॅमेऱ्याच्या फाइली जड आहेत. राजदीपभाऊंनी ते मशीन बांधलं तेव्हा असले कॅमेरे तरी होते का? झेपत नसेल तर सांगा. इथं धुळ्यात कुणाला तरी देतो. वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट कशाला वाटेल,” वृषाली म्हणाली. तिनं फोन ठेवला. धुळ्यात एकदा गेलेलं काम परत चाळीसगावला येत नसतं. बाकीचे फोटोग्राफर असेच एकेक करून गेले होते. वाईट वाटून घेऊ नका म्हणतच गेले होते.

मागं दाराजवळ, प्लॅस्टिकच्या खुर्चीत राजदीप बसला होता. तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासताना तो मोरीत कोसळला आणि त्याचा उजवा हात आणि बोलणं, दोन्ही बरोबरच गेलं. पाय हळूहळू परत आले. हात आला नाही. बोलण्यातले तीन शब्द तेवढे परत आले: हो, नाही आणि तेच. त्यातही हो आणि नाहीचा भरवसा नव्हता. जेवता का विचारलं की तो नाही म्हणायचा आणि ताट पुढं ओढायचा. ‘तेच’ कशालाही चालायचं. पाणी हवं असलं तरी तेच, लाइट गेली तरी तेच, आणि डोळ्यांत पाणी आलं असलं तरी तेच.

त्याआधी गल्लीतल्या अर्ध्या घरांतले कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिलेले होते. वृषाली चहा द्यायला म्हणून त्याच्या शेजारी उभी राहायची, ती उभ्या उभ्याच मिक्सिंग शिकली. पण ते स्क्रीनवरचं. डब्याच्या आत काय असतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पाहायची गरजच पडली नव्हती.

तिनं पुन्हा भटूला फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. भटू माणूस भला. अख्खा कॉम्प्युटर नवा घ्यायची गरज नाही म्हणाला. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एवढंच बदलायचं, बाकीचं जुनंच ठेवायचं. जळगावला जितेंद्र म्हणून ओळखीचा दुकानदार आहे, तो तुमच्या बजेटात बसवून देईल.

“ऐकलंत का?” वृषाली नवऱ्याकडे वळून म्हणाली. “तीन वस्तू बदलायच्या. उद्याच जाते.”

राजदीप उठला. टेबलाखाली वाकून त्यानं डाव्या हातानं कॅबिनेट बाहेर ओढलं, तारा ताणल्या गेल्या. बाजूचा पत्रा काढला आणि आतल्या पत्र्याच्या पेटीवर बोट आपटलं. विजेची मोठी तार मागून जिच्यात जात होती, ती पेटी.

“नाही,” तो म्हणाला. “नाही. नाही. तेच.”

“अहो, उघडू नका ना! आहे तेही जाईल.”

“नाही!”

“मला माहीत आहे, तुम्ही बांधलेलं आहे. पण आता चालत नाही ते. काय करू मी?”

तो बोट आपटत राहिला. त्याच्या ओठांच्या कडेला थुंकी जमली. वृषालीच्या डोक्यात रविवार होता, फौजेतला भाऊ होता, भटूचा शब्द होता. ती ओरडली, “गप्प बसा हो जरा!”

तो गप्प बसला. आतल्या खोलीत सासूबाई भागाबाई दाणे निवडत होत्या, त्यांच्या सुपाचा आवाजही थांबला. वृषालीला आपलेच शब्द ऐकू आले.

थोड्या वेळानं भागाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“त्याले बी घी जाय जळगावले,” त्या म्हणाल्या.

“आई, गर्दीत कसं न्यायचं यांना? वर ते मशीनही न्यायचंय.”

“त्याले बठ्ठं समजस वं. बोलता येत नही, इतलंच शे.”

सकाळी वृषाली जुन्या चादरीत कॅबिनेट बांधत होती, तर राजदीप इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार उभा होता. बटणं वरखाली लागली होती. तिनं ती नीट लावून दिली.

पॅसेंजरमध्ये त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. कॅबिनेट तिनं पायांशी ठेवलं. गाडी हलली की चादरीत आत काहीतरी किंचित कुरकुरायचं आणि ती गाठोडं दोन्ही हातांनी धरायची. पाचोऱ्याला चढलेली एक म्हातारी समोर बसली आणि गाठोड्याकडे बघत म्हणाली, “काय शे वं तेम्हा?”

“कॉम्प्युटर.”

“बिघडना का?”

“हो.”

म्हातारीनं मग राजदीपकडे, त्याच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं आणि गाठोड्याला जागा व्हावी म्हणून पाय आखडून घेतले. वृषालीनं पर्समधल्या पाकिटावर हात ठेवला. जेवढं होतं तेवढं त्यात होतं. दुकानात काहीतरी चुकीचं घेतलं आणि घरी येऊन ते बसलंच नाही तर? उघडलेला माल परत घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. एकाला एक जुळायला हवं, भटू म्हणाला होता. बोर्डाला प्रोसेसर जुळायला हवा, बोर्डाला रॅम. काय कशाला जुळतं हे कसं ओळखायचं, ते मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

जितेंद्रचं दुकान मार्केटच्या वरच्या मजल्यावर होतं. राजदीप एकेक पायरी चढत होता, मागून कॉलेजची पोरं खोळंबली होती. दुकान अरुंद आणि खोक्यांनी भरलेलं. जितेंद्र तिशीतला, चटपटीत; बोलता बोलताच त्यानं दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली.

“या ताई, भटूभाऊंचा फोन आला होता. भाऊंना स्टुलावर बसवा तिकडं.” त्यानं काउंटरवर खोकी मांडली. “हा बोर्ड, हा प्रोसेसर, पंखा त्याच्यासोबतच येतो. ह्या दोन रॅम. कॅबिनेट, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय तुमचाच राहील. बरोबर बजेटात बसवलंय.”

“जुन्या रॅम नाही का चालणार? आहेत तर...”

जितेंद्रनं जुन्या मशीनमधली एक रॅम काढली आणि नव्या रॅमशेजारी ठेवली. दोन हिरव्या पट्ट्या, दिसायला सारख्याच. “ही खालची खाच बघा. जुनीची जरा इकडं आहे, नवीची तिकडं. नव्या बोर्डात जुनी बसणारच नाही. जबरदस्ती केली तर तुटेल.”

वृषालीला जरा धीर आला. जे जुळत नाही ते बसतच नाही. सगळंच असं खाचेवर ठरत असतं तर किती बरं झालं असतं.

जितेंद्रनं स्वतःच बोर्डावर प्रोसेसर बसवला, पंखा बसवला, जुना बोर्ड काढून नवा कॅबिनेटात घातला. स्क्रूची भोकं बरोबर जुळली. वृषाली वाकून बघत होती. एवढ्यात राजदीप स्टुलावरून उठला आणि काउंटरला येऊन चिकटला. त्यानं कॅबिनेटात हात घातला. कालचीच पत्र्याची पेटी, पॉवर सप्लायची. तिच्यातून निघालेल्या तारांच्या जुडग्यातून त्यानं एक तार शोधून काढली. तिच्या टोकाला चौकोनी टोपी होती, चार भोकांची. ती त्यानं नव्या बोर्डाच्या कोपऱ्यात नेऊन धरली. तिथल्या खोबणीत आठ पिना होत्या.

“नाही,” तो म्हणाला.

“बसते भाऊ ती,” जितेंद्र म्हणाला. “अर्ध्या बाजूला लावायची. बाकीच्या चार रिकाम्या राहतात. मशीन चालू होतं. असे किती दिले मी.”

“नाही. तेच. नाही.”

मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं घड्याळ पाहिलं. जितेंद्रनं वृषालीकडे पाहिलं. “भाऊंना नेमकं काय म्हणायचंय, ताई?”

वृषालीनं त्या पेटीकडे पाहिलं. काल तो याच पेटीवर बोट आपटत होता. आपण बांधलेलं मशीन उघडू देत नाही, असं तिला वाटलं होतं. ते तसं नसेल. किंवा असेलही. आताच खाली टपरीवर चहा घेता का विचारलं तेव्हाही तो नाही म्हणाला होता आणि चहा प्यायला होता.

“चार पिनांवर चालवलं तर काय होतं?” तिनं विचारलं.

“काही होत नाही. फार लोड आला तर... तुमचा पॉवर सप्लाय जुना आहे, हे खरं. पण चालेल.”

“आणि दुसरा घेतला तर?”

“मग काय, उत्तमच. पण बजेट वाढेल.”

“ते वाढणार नाही.”

“मग काहीतरी कमी करावं लागेल.”

वृषाली नवऱ्याकडे वळली. “अहो, काय कमी करू?”

बोलून गेल्यावर तिला कळलं, की या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही. दोन वर्षांत तिनं त्याला असा प्रश्न विचारलाच नव्हता. भात वाढू का, फॅन लावू का, उठता का, एवढंच ती विचारत आली होती. जितेंद्रनं अवघडून मोबाइल हातात घेतला.

राजदीप काउंटरवरच्या वस्तूंकडे बघत होता. मग त्यानं डाव्या हाताच्या तळव्यानं एका रॅमचं पाकीट नुसतं ढकललं. ते काचेवरून घसरत जितेंद्रच्या पुढ्यात गेलं. दुसरं पाकीट त्यानं बोर्डाजवळ ओढलं. नंतर मागच्या फळीवरच्या पॉवर सप्लायच्या खोक्याकडे बोट केलं. शेवटी वाकून त्यानं नव्या बोर्डावरच्या रॅमच्या रिकाम्या खोबणीवर बोट ठेवलं आणि वृषालीकडे पाहिलं.

“तेच,” तो म्हणाला, अगदी हळू.

ही जागा राहू दे. इथं पुढं बसवता येईल. असंच म्हणत असेल का?

जितेंद्रनं मोबाइल खाली ठेवला. “ताई, कळलं मला भाऊंचं. पण तुमचं काम रविवारचं आहे. एका रॅमवर असल्या फाइली अडखळतील. वेळेत होईल याची गॅरंटी मी घेणार नाही. माझं ऐका, आता दोन रॅम घ्या, पॉवर सप्लाय पुढच्या सीझनला बघू.”

तो मनापासून सांगत होता. त्याचीच वृषालीला जास्त भीती वाटली. लबाड माणूस असता तर निर्णय सोपा होता. हा रोज हेच काम करणारा, हातपाय धड असलेला, बोलता येणारा माणूस होता. आणि दुसऱ्या बाजूला ज्याला स्वतःच्या शर्टाची बटणं जुळवता येत नाहीत, असा नवरा.

राजदीप तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर त्या चार भोकांच्या टोपीवर होती. कपाळाला तीच आठी पडली होती, जी पूर्वी एखाद्याचा कॉम्प्युटर उघडून बसल्यावर पडायची. हाक मारली तरी तेव्हा त्याला ऐकू यायचं नाही.

“एक रॅम कमी करा,” वृषाली म्हणाली. आवाज नको तितका मोठा निघाला. “यांनी सांगितलंय तसंच करून द्या.”

दुकानात मशीन सुरू झालं, स्क्रीनवर अक्षरं आली. जितेंद्रनं कॅबिनेट पुन्हा चादरीत बांधून दिलं आणि जिना उतरताना स्वतः राजदीपचा हात धरला.

चाळीसगावला घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. वृषालीनं चपलाही न काढता सगळ्या तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. आतला दिवा लागला. स्क्रीन काळीच राहिली.

तिनं बंद करून पुन्हा लावलं. काळीच. मॉनिटरची तार काढून घातली. काळीच. तिनं जितेंद्रला फोन लावला. तो कुणाशी तरी बोलत होता. पुन्हा लावला, तरी तेच.

“लागनं का?” भागाबाईंनी आतून विचारलं.

वृषाली खाली फरशीवर बसली. उद्या शनिवार. पुन्हा चादर, पुन्हा गाडी, पुन्हा तो जिना. तोवर भटू फाइली दुसऱ्याला देऊन मोकळा होणार.

“तुमचं ऐकलं मी,” ती राजदीपला म्हणाली. “सगळ्यांसमोर तुमचं ऐकलं.”

तो तिच्याजवळून पुढं झाला, भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लगही काढला. टेबलाला टेकत टेकत तो फरशीवर बसला. बसायलाच त्याला कितीतरी वेळ लागला. मग कॅबिनेट आडवं पाडून त्यानं पत्रा काढला आणि आत वाकून बघत राहिला. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या त्यानं अंगठ्यानं एकामागून एक सोडवल्या. पट्टी बाहेर आली. तिच्यावर त्यानं फुंकर मारली, ती पुन्हा खोबणीत उभी केली आणि एका टोकावर अंगठा दाबला. ते टोक आत गेलं, तर दुसरं वर आलं. दुसरं दाबलं, तर पहिलं निसटलं. कपाळावरून घाम निथळून बोर्डावर पडेल म्हणून त्यानं मान वळवली आणि खांद्याला कपाळ पुसलं.

तेव्हा वृषालीला उलगडलं. गाडीच्या धक्क्यांनी ती पट्टी सैल झाली होती. बाकी काही नाही. आणि ती एका हातानं बसत नाही.

ती सरकून जवळ गेली. “कुठं दाबू?”

त्यानं तिचा अंगठा धरून दुसऱ्या टोकावर ठेवला. तिनं दाबलं.

“नाही.”

तिनं आणखी जोर लावला. खालचा बोर्ड किंचित वाकला. “अहो, तुटेल!”

“नाही,” तो म्हणाला. या वेळी तो शब्द नेमका जिथं हवा तिथं पडला होता. दोघांनी बरोबरच दाबलं. इकडची खिट्टी वाजली, तिकडची वाजली.

प्लग लावला. स्क्रीन उजळली.

भागाबाई हात पुसत बाहेर आल्या, स्क्रीनकडे बघितलं, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

काम रविवारी दुपारी पूर्ण झालं. जितेंद्र म्हणाला होता तसंच झालं. एका रॅमवर मशीन अडखळत होतं. वृषालीनं जड फाइली आधी हलक्या करून घेतल्या, तुकड्यातुकड्यानं काम केलं, दर थोड्या वेळानं जीव मुठीत धरला. पण मशीन थांबलं नाही. हार नवरीच्या गळ्यात पडला, पाठवणी झाली, रडारड झाली. भटूचा संध्याकाळी फोन आला, की फौजी भावानं बसून सगळा पिक्चर पाहिला आणि मगच बॅग उचलली. पुढच्या आठवड्यात दोंडाईच्याचं लग्न आहे, त्याच्या फाइली पाठवतो, असंही तो म्हणाला.

त्या चार पिनांवर मशीन चाललं असतं की जळून गेलं असतं, हे वृषालीला कधीच कळलं नाही. कदाचित चाललं असतं. दोन रॅम असत्या तर काम शनिवारीच झालं असतं. हा हिशेब तिनं एकदा मनात मांडला आणि सोडून दिला.

फोन ठेवून ती खुर्चीवरून उठली. राजदीप दाराजवळ बसला होता.

“या ना,” ती म्हणाली. “बसा इथं. मशीन तुमचं आहे.”

तो आला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग बसला. डावा हात त्यानं माउसवर नेला. बाण स्क्रीनभर भरकटला, एका फोल्डरपाशी आला, पुढं निघून गेला, परत आला. थोडा वेळ त्यानं प्रयत्न केला. नंतर माउस सोडून तो स्क्रीनकडे नुसता पाहत राहिला. स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरात दुसऱ्याचा संसार थाटलेला पाहावा, तसा.

मग तो उठला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

वृषाली बसली. ही खुर्ची त्यानं स्वतःच्या उंचीची करून घेतलेली होती. तिचे पाय खाली पुरत नसत. दोन वर्षं ती टोकावर बसून, चवडे टेकवून काम करत होती आणि संध्याकाळी पोटऱ्या चेपत होती. खुर्चीची उंची बदलता येते हे तिला माहीत होतं. बदलावी असं कधी मनात आलं नव्हतं.

राजदीप टेबलाला धरून खाली वाकला. डाव्या हातानं त्यानं खुर्चीखाली चाचपडत दांडी शोधली आणि वर ओढली. फुस्स आवाज करत खुर्ची हळूहळू खाली आली, आणि वृषालीचे पाय फरशीला टेकले.